हक्काची वाट

१

घरं विकणाऱ्या एजंटांची एक वेगळीच भाषा असते. 'टुमदार' म्हणजे आत ताठ उभं राहिलं तर डोकं आपटतं. 'जुनी शान जपलेलं' म्हणजे भिंतींना ओल आहे. आणि 'निमग्रामीण' म्हणजे गाई जवळ, बस लांब. ऑलरकूम गावातलं ते घर या तिन्ही विशेषणांसकट जाहिरातीत आलं होतं. ब्रिस्टलहून डेव्हनपर्यंत गाडी हाकत आलेल्या फिलिपाला आणि तिच्या नवऱ्याला, ॲड्रियनला, ते पाहताक्षणी आवडलं, कारण तोवर त्यांनी याहून वाईट घरं पाहून पाहून जीव नकोसा करून घेतला होता.

फिलिपाला खरं म्हणजे एकच गोष्ट हवी होती: तळमजल्यावर बाबांसाठी खोली. बाबा, म्हणजे मॉरिस, उभा जन्म ब्रिस्टलच्या बसमध्ये कंडक्टर होते. आता त्यांना कालचं आठवत नसे आणि कोटाची बटणं लावता येत नसत. "म्हाताऱ्यांच्या होममध्ये ठेव," असं बहिणीने कॅनडातून फोनवर सांगून टाकलं होतं. कॅनडातून सांगायला काय जातं. पण फिलिपाने बाबांना शब्द दिला होता की मी तुम्हाला कुठेही पाठवणार नाही. त्या शब्दापायी बाबांचं छोटं घर आणि या दोघांचा फ्लॅट, दोन्ही विकायला काढली होती.

घराची रचना त्या भागातल्या जुन्या शेतकरी घरांची असते तशीच होती. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत आरपार एक बोळ, दोन्ही दारं समोरासमोर. डाव्या हाताला स्वयंपाकघर, उजव्या हाताला बैठकीची खोली, आणि तिच्या पलीकडे, मागच्या दाराला लागून, एक लहानशी खोली. तिला बागेत उघडणारं काचेचं दार होतं आणि त्यातून मागचं कुरण थेट टेकडीपर्यंत दिसायचं. ही बाबांची खोली, हे फिलिपाने मनात तिथेच ठरवून टाकलं.

बोळातल्या दगडी फरश्या मात्र मधोमध झिजून खोलगट झाल्या होत्या. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत सलग एक चर पडल्यासारखा. स्वयंपाकघराच्या दाराकडे वळणारी झीज कुठेच नव्हती.

"तीनशे वर्षांची रहदारी आहे," एजंट कौतुकाने म्हणाला आणि फोन वाजला म्हणून बाहेर गेला.

घराची मालकीण मिस लस्कम ही ऐंशी ओलांडलेली, काठीसारखी ताठ बाई होती. लोकरी टोपडं घातलेल्या किटलीतून तिने चहा दिला, ओल कुठे कुठे येते ते प्रामाणिकपणे दाखवलं, शेजाऱ्यांची थोडी निंदा केली. महत्त्वाची गोष्ट तिने, त्या देशात सांगतात तशी, निघता निघता सांगितली, जणू आत्ताच आठवली.

"हं, एक राहिलंच. वर्षातून एक दिवस ही दोन्ही दारं बंद ठेवायची. पॅनकेकच्या मंगळवारी, ईस्टरआधीचे उपास लागतात त्याच्या आदल्या दिवशी. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. कडी, अडसर, सगळं लावायचं."

"का बरं?" फिलिपाने विचारलं.

"जाण्यायेण्याचा हक्क होऊ नये म्हणून."

ॲड्रियन जमिनी मोजणारा माणूस. तो हसला. "अहो, ते शेतातल्या वाटेला करतात! मालक वर्षातून एकदा फाटकाला कुलूप लावतो, म्हणजे लोक जातात ते त्याच्या मेहरबानीने, हक्काने नव्हे. घरातल्या बोळाला कशाला पाहिजे हे?"

"तेच ते," मिस लस्कम म्हणाली. "एरवी मी कधी अडवत नाही."

"कोणाला?"

"अजून चहा घेणार का तुम्ही?" असं म्हणून तिने किटली उचलली. फिलिपाने दारं बंद ठेवायचं कबूल केलं. म्हातारं माणूस पिढ्यान्‌पिढ्यांचं घर सोडतंय, एवढं मन राखायला काय हरकत आहे, असा विचार तिने केला.

२

ऑक्टोबरात ते राहायला आले. सकाळी ॲड्रियन गाडी घेऊन जाई. फिलिपा स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिचं भाषांतराचं काम करी. बाबा काचेच्या दाराशी खुर्चीत बसून कुरणातल्या मेंढ्यांना आत सरकायला सांगत. "पुढे चला, पुढे चला, आत जागा आहे!" मेंढ्या ऐकत नसत, आणि बाबांना त्याचं काही वाटत नसे. इतकं सुख त्या तिघांना कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं.

चहाच्या वेळी, उन्हं उतरायला लागली की, बोळात एक झुळूक यायची. पुढच्या दाराची कडी थोडी उचलली जाऊन परत पडे. थोड्या वेळाने मागच्या दाराची. पायपुसणं रोज त्या सुमाराला थोडं तिरकं झालेलं असे, मागच्या दाराकडे सरकलेलं. फिलिपा ते सरळ करी आणि चहा टाकी.

"समोरासमोर दारं म्हणजे वारा खेळणारच," ॲड्रियन म्हणाला. "ओल असलेल्या घराला वारा बराच की."

तिला ते पटलं. फक्त एक गोष्ट तिने त्याला सांगितली नाही, कारण ती सांगण्यासारखी नव्हतीच. वारा दोन्ही दिशांनी वाहतो. पायपुसणं कधीच पुढच्या दाराकडे सरकलं नाही.

३

पॅनकेकच्या मंगळवारी ऑलरकूममध्ये बायकांची शर्यत असते. हातात तवा, तव्यात पॅनकेक, आणि चर्चपासून पबपर्यंत तो उडवत, झेलत धावायचं. बाहेरून घर घेऊन आलेल्या माणसाला अशा गावात फार सांभाळून राहावं लागतं. शहरातून आलेले, पैशाने घरं महाग करणारे, फाटकांना कुलपं लावणारे, अशी त्यांच्याबद्दल आधीच समजूत असते. म्हणून शेजारच्या जॉइसने बोलावलं तेव्हा फिलिपाने तवा घेऊन धावायला लगेच होकार दिला.

सकाळी तिने आठवणीने मागच्या दाराला कडी घातली, अडसर लावला. बाबांना खोलीत खायला ठेवलं, पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि गेली. शर्यतीत ती शेवटून दुसरी आली. लोक तिला हसले, पाठीवर थापा मारल्या, आणि तिला वाटलं, चला, आपण एकदाचे यांच्यातले झालो.

मग पाऊस आला. पबमध्ये उभं राहायला जागा नव्हती. जॉइसने निथळत्या केसांनी जाहीर केलं, "हिचं घर दोन पावलांवर आहे! चला रे सगळे ब्रिस्टलवाल्यांकडे!"

"आज... आज जरा," फिलिपा म्हणाली.

"काय गं, दारं बंद का आम्हाला? मिस लस्कमचं राज्य गेलं म्हटलं आता!"

सगळे हसले. भिजलेली, दमलेली, हातात तवे घेतलेली माणसं समोर उभी. अशा वेळी एका म्हातारीच्या विक्षिप्त अटीचं कारण पुढे करून नाही म्हणणं हे त्या देशात कोणाला जमलेलं नाही, आणि फिलिपाला जमायची तर अजिबात सोय नव्हती. मन राखायला दिलेला शब्द मन राखण्यासाठीच मोडला गेला. तिने कुलूप काढलं. पंधरावीस माणसं बोळात आणि स्वयंपाकघरात दाटीवाटीने शिरली. पहिलाच पॅनकेक करपला, धूर झाला, आणि जॉइसने कोणाला न विचारता मागच्या दाराचा अडसर काढून दार सताड उघडलं. फिलिपाने ते पाहिलं. संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता, थोडा वेळच तर उघडं राहील, असं तिने स्वतःला समजावलं आणि लिंबू चिरायला घेतलं.

चहाच्या वेळी ती ताटली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बोळात माणसं खांद्याला खांदा लावून गप्पा मारत होती. बोलता बोलता पुढच्या दाराजवळची दोन माणसं भिंतीला सरकली. मग त्यांच्यामागची. मग त्यापुढची. कोणी बोलणं थांबवलं नाही, कोणी वळून पाहिलं नाही. एकाने घास चावता चावता "सॉरी" म्हटलं आणि पोट आत ओढलं. जॉइसने कप डोक्यावर धरून अंग चोरलं. बोळाच्या मधोमध, झिजलेल्या फरशांवरून, माणूसभर रुंदीची मोकळी वाट पडत मागच्या दारापर्यंत गेली आणि तिच्यामागे गर्दी पुन्हा जुळली.

बाबा आपल्या खोलीच्या दारात उभे होते. त्यांनी जुन्या सवयीने हात पुढे केला.

"पायरी सांभाळा, साहेब," ते म्हणाले.

फिलिपाने आजूबाजूला पाहिलं. सगळे हसत होते, खात होते. गर्दीत माणसं हलतातच, असं तिने मनाशी म्हटलं, पण हातातली ताटली तिला खाली ठेवावी लागली.

४

दुसऱ्या दिवसापासून पावलं ऐकू यायला लागली.

जड नाहीत, हलकी नाहीत. चामडी तळव्यांच्या बुटांची, सावकाश. पुढची कडी उचलली जायची, पडायची, पावलं बोळातून जायची, मागची कडी वाजायची. पहिले काही दिवस एवढंच. तेवढ्याची सवय झाली असती. माणसाला कशाचीही होते. पण मग ती थांबायला लागली. बैठकीच्या खोलीच्या दाराशी जरा वेळ. स्वयंपाकघराच्या दाराशी जरा जास्त. घर बघायला आलेलं गिऱ्हाईक थांबतं, तशी.

फिलिपा ओट्याकडे तोंड करून उभी राही आणि कप विसळत राही. एकच कप, पुन्हा पुन्हा. पाठीमागे कोणी नाही हे तिला ठाऊक होतं. वळून खात्री करून घ्यायचं धाडस मात्र होत नव्हतं.

"लाकूड आहे, फिलिपा," ॲड्रियन म्हणाला. "दिवसा फुगतं, संध्याकाळी आवळतं. शिवाय ते जुने पाइप. मी आहे ना, शनिवारी बघतो."

शनिवारी त्याने पाहिलं. पाइपांना कापड गुंडाळलं, कड्यांना तेल दिलं. चहाच्या वेळी दोघं बोळात उभी राहिली. कडी या वेळी आवाज न करता उचलली गेली, कारण तिला तेल दिलं होतं. ॲड्रियन काहीतरी विनोद करत होता. फिलिपाच्या खांद्याला कशाचा तरी ओझरता स्पर्श झाला, ती भिंतीला सरकली आणि तिच्या तोंडून आपोआप निघालं, "सॉरी."

ॲड्रियनचा विनोद अर्धाच राहिला. कारण तोही दुसऱ्या भिंतीला सरकून उभा होता, आणि आपण का सरकलो हे त्याला सांगता येत नव्हतं.

सगळ्यात वाईट होतं ते बाबांचं. पावलं आता शेवटी त्यांच्या खोलीच्या दाराशी थांबत, आणि तिथे सगळ्यात जास्त वेळ. बाबांचं हळू आवाजातलं बोलणं ऐकू येई. अलीकडे ते तिच्याशीसुद्धा इतकं बोलत नसत.

"कोण येतं हो बाबा तुमच्याकडे?" तिने त्यांना सूप भरवताना, आवाज शक्य तेवढा साधा ठेवून विचारलं.

"रोजचं गिऱ्हाईक आहे. भला माणूस."

"काय म्हणतो?"

बाबांनी चमचा तोंडातच धरून विचार केला. "गाडी सुटायची वेळ झाली म्हणतो. चला म्हणतो."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, पोरीला विचारतो." आणि ते तिच्याकडे इतक्या आशेने बघायला लागले, की तिला सूप टाकून दुसऱ्या खोलीत जावं लागलं. तिथे ती रडली. भीतीने रडली, आणि थोडं मत्सराने सुद्धा.

५

मिस लस्कम आता शहरातल्या एका वृद्धाश्रमात राहत होती. खोलीला एकच दार होतं आणि तिने खुर्ची अशी मांडली होती की पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे राहावं. फिलिपाने आणलेला केक तिने बाजूला ठेवला.

"उघडलंत तर," ती म्हणाली.

"पाऊस होता. माणसं दारात उभी होती. मला नाही म्हणता आलं नाही."

"नाहीच येत." तिने हे रागाने म्हटलं नाही. "मला लोक इतकी वर्षं माणूसघाणी म्हणत आले, ते काय उगीच?"

"पुढच्या वर्षी आम्ही न चुकता बंद ठेवू. वाटलं तर उद्यापासूनच बंद ठेवू."

"आता बंद ठेवलंत तर ते त्याची वाट अडवणं होईल. तुमच्या यजमानांना विचारा कायदा. हक्काची वाट अडवली तर माणसाला बाजूने जायची मुभा असते." मिस लस्कमने शाल सारखी केली. "मेहरबानीवर जाणारा मान खाली घालून जातो हो. हक्काने जाणारा इकडेतिकडे बघतो. बघितलं का त्याने कोणाकडे?"

फिलिपाने तिच्याऐवजी दाराकडे पाहिलं.

"तुमच्याकडे वडील आहेत, नाही का? मी तेव्हाच विचारायला हवं होतं की घरात म्हातारं माणूस आहे का. पण खरेदीदाराला असलं काही विचारणं बरं दिसत नाही."

"तो आहे कोण, मिस लस्कम?"

"मी कधी पाहिलं नाही. त्या वेळेला मी चहा टाकायची आणि भिंतीकडे तोंड करायची. बोलायची नाही. हाक मारायची नाही. तुम्हीही तेवढंच करा." तिने केकची पेटी उचलून परत फिलिपाच्या हातात दिली. "हा घरी न्या, वडिलांना द्या. गोड आवडत असेल त्यांना."

६

ॲड्रियनने सगळं ऐकून घेतलं. आता तो हसला नाही, पण ऐकलेल्यातलं त्याला जे हवं तेवढंच त्याने घेतलं. "बाई भ्रमिष्ट आहे. तुलाही करून सोडेल. प्रश्न दाराचा आहे ना? मग दारच राहणार नाही."

शनिवारी त्याने जॉइसच्या नवऱ्याकडून ड्रिल मागून आणलं आणि मागचं दार लांब लांब स्क्रूंनी चौकटीला ठोकून टाकलं. वर आडवा लोखंडी पट्टा बसवला. "नको रे," असं फिलिपा एकदा म्हणाली. मग तिनेच त्याला एकेक स्क्रू हातात दिला. दार बंद होताना पाहून तिच्या जिवात जीव आला होता, हे ती नंतरही स्वतःशी नाकारू शकली नाही.

दुपार कलल्यावर ॲड्रियन ड्रिल परत द्यायला गेला. फिलिपाने किटली ठेवली.

पुढची कडी उचलली गेली. पावलं आत आली. आज ती कुठेच थांबली नाहीत, सरळ मागच्या दारापर्यंत गेली. ठोकलेल्या दाराची कडी वर झाली, खाली पडली. पुन्हा वर झाली, पुन्हा पडली. आदळआपट नाही, धक्का नाही. नंतर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. किटलीतलं पाणी उकळून बटण बंद झालं, तेवढाच आवाज.

मग कोणीतरी बाबांच्या दारावर टकटक केलं. हलक्या हाताने, सभ्यपणे.

"या ना," बाबांचा आवाज आला. "उघडंच आहे."

फिलिपा धावली. निदान आपण धावलो असं तिला आठवतं. बोळात येईपर्यंत बाबांच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं, आणि मधल्या फटीतून तिला बाबा दिसले. ते काचेच्या दाराकडे पाठ करून उभे होते. अंगात कोट होता. हनुवटी वर केली होती, लहान मूल शाळेत जाताना आईपुढे करतं तशी. दोन्ही हात अंगालगत सैल सोडलेले होते. आणि कोटाची बटणं एकेक करून लागत होती. खालचं लागलं. मधलं लागलं. वरच्यापाशी जरा वेळ गेला, कारण ते काज घट्ट होतं. नंतर कॉलर सारखी झाली आणि खांद्यावरचा धागा कोणीतरी चिमटीत धरून काढावा तसा उचलला जाऊन खाली पडला.

"बरोबर," बाबा म्हणाले. "थंडी आहे बाहेर."

तिला ओरडायचं होतं. आत घुसून बाबांचा हात धरायचा होता. तेवढ्यात फटीच्या पलीकडे काहीतरी तिच्या दिशेने वळलं. दिसलं असं म्हणता येणार नाही. फक्त खोलीतला उजेड एका बाजूने थोडा कमी झाला आणि आपल्याकडे कोणीतरी सभ्यपणे, वाट पाहत, बघतंय हे तिला कळलं.

फिलिपा भिंतीला सरकली. तिचं अंग आपसूक सरकलं, पाठ दगडाला लागली, पाय जुळले. तिने वाट दिली.

भानावर येऊन ती खोलीत शिरली तेव्हा काचेचं दार उघडं होतं आणि पडदा आत उडत होता. खुर्चीवर बाबांची शाल होती.

७

बाबा टेकडीच्या माथ्यावर सापडले. कुंपण ओलांडायला जिथे लाकडी पायऱ्या केल्या आहेत, तिथे पहिल्या पायरीवर ते गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते, पायांत घरातल्याच लोकरी सपाता. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. या वयात इतका चढ चढायचा म्हणजे. अशा आजारात माणसं भटकतात, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. कोटाची बटणं वरपर्यंत लागलेली होती, आणि ती फिलिपाने लावली असणार असं सगळ्यांनी धरून चाललं. तिने कोणाला काही सांगितलं नाही.

ऑलरकूमच्या चर्चमध्ये प्रार्थना झाली. जॉइसने सँडविच केले, मिठी मारली, आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून खरंच रडली. बहीण कॅनडातून आली आणि "होममध्ये असते तर," एवढं म्हणून गेली. ॲड्रियनने मागच्या दाराचे स्क्रू एकेक करून काढले. दुसऱ्या आठवड्यात एजंट आला, बोळात उभं राहून वर बघत म्हणाला की असं टुमदार घर उन्हाळ्याआधीच जाईल. फिलिपाने मान हलवली. पुढच्या माणसाला काय सांगायचं आणि काय नाही, याचा तिने अजून विचार केला नव्हता.

त्यानंतर एके दिवशी ॲड्रियन कामावर गेला आणि घरात ती एकटीच राहिली. उन्हं उतरली. तिने चहा टाकला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, सांगितलं होतं तसं.

कडी उचलली गेली. पावलं आली. चामडी तळवे, सावकाश. आणि त्यांच्यामागून आणखी एक जोडी, लोकरी सपातांची, डावा पाय थोडा घासत.

फिलिपाने ओट्याची कड घट्ट धरली. त्या घासण्यावरून ती आपल्या बापाला हजार माणसांत ओळखू शकली असती. लहानपणी शाळेतून आल्यावर जिन्यात तो आवाज कानी पडला की ती दार उघडायला पळायची. पुढची पावलं स्वयंपाकघरावरून न थांबता गेली. मागची कडी वाजली, बाहेरच्या खडीवर बूट करकरले आणि लांब जायला लागले. त्यांच्यामागून येणारी सपातांची पावलं मात्र दाराशी थांबली. तिच्या पाठीशी, हात लांबवला तर लागेल इतकी जवळ. बाबांच्या कोटाला यायचा तो वास आला, तंबाखूचा आणि पेपरमिंटच्या गोळ्यांचा.

वळायचं नाही. बोलायचं नाही. हाक मारायची नाही. तिला सगळं आठवत होतं. पण तिला हेही आठवत होतं की त्या दिवशी तिचे बाबा तिच्यासमोरून गेले आणि ती हूं की चूं न करता भिंतीला चिकटून उभी राहिली. तेव्हा तिच्या घशातून जे निघायला हवं होतं ते इतके दिवस आतच अडकून राहिलं होतं.

"बाबा," ती भिंतीकडे बघत म्हणाली, "तुम्ही जाऊ नका. इथेच थांबा. घर आपलं आहे."

पाठीमागे सपाता फरशीवर किंचित वळल्या. कोणीतरी लांब, दमलेला श्वास घेतला. आनंदाने तिचे डोळे भरून आले.

बाहेर कुरणाच्या फाटकापाशी खडीवरचे बूट थांबले. जरा वेळ काहीच आवाज नव्हता, मेंढ्यासुद्धा गप्प होत्या. मग ते वळले आणि परत यायला लागले, त्याच सावकाश चालीने, आजवर ते ज्या दिशेने कधीच आले नव्हते त्या दिशेने. तिने हाक एकालाच मारली होती. मागच्या दाराची कडी बाहेरून उचलली गेली.